कागद कुणाकडे, गळा कुणाचा? फोनमधलं गाणं गाडीत वाजवण्याच्या वाटा

परवा काकांचा फोन आला. "गाडीत यूएसबीला फोन लावलाय, चार्ज होतोय, मग गाणं का वाजत नाही रे?" उत्तर द्यायचं सोडून मीच त्यांना उलटे प्रश्न विचारत बसलो. फोन कुठला, वायर कुठली, भोक कुठलं, स्टिरिओवर काय निवडलंय. काका वैतागले. "पूर्वी कॅसेट आत ढकलली की वाजायची!"

खरं आहे. कॅसेट आणि सीडीच्या काळात गाणं आणि त्याची खाच यांची जोडी ठरलेली होती. आता गाणी फोनमध्ये राहतात, आणि फोन ते गाडी अशी एकच ठरलेली वाट कुणी आखलेली नाही. त्यात असलेल्या वाटाही बुजत चालल्यात. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं, मागोमाग इतर कंपन्यांच्या पुष्कळ फोनांतूनही गेलं. नव्या गाड्यांतून आधी सीडीची खाच गेली, मग ऑक्सचं, म्हणजे हेडफोनसारखी पिन घेणारं भोक. २०२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी, नसतील असं जाहीर केलं, तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. म्हणजे गाडी नवी घेतली की सगळं आपोआप जुळेल, असंही नाही.

## आधी एवढं समजून घेऊ

फोनमधलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेली असते, तीही डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी. एमपीथ्री किंवा एएसी म्हणजे हीच यादी, पण कानाला फारसं जाणवणार नाही ते गाळून लहान केलेली.

स्पीकरला मात्र आकडे कळत नाहीत. त्याला हवी असते वर-खाली होणारी वीज. ती वाढली-घटली की पडदा पुढे-मागे हलतो आणि आवाज होतो. आकड्यांवरून ही वीज तयार करणाऱ्या चिपला 'डॅक' म्हणतात. तो फोनमध्ये असतो, स्टिरिओत असतो, कधीकधी इंचभर लांबीच्या कनेक्टरमध्येही असतो.

स्वरलिपी लिहिलेला कागद आणि तो वाचून गाणारा गळा, असं हे नातं आहे. फाइल म्हणजे कागद, डॅक म्हणजे गळा. गाडीत गाणं वाजवण्याची प्रत्येक तऱ्हा शेवटी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: गाडीला आपण कागद देतोय, की फोनने गाऊन दाखवलेलं गाणं देतोय? आणि वाटेत ते कितीदा उतरवून काढलं जातंय?

## ऑक्स: फोन गातो, गाडी फक्त मोठ्याने ऐकवते

साडेतीन मिलिमीटरची पिन नीट पाहिली तर तिच्यावर काळ्या रेघांनी वेगळे केलेले भाग दिसतात. टोकाला डावा आवाज, मधे उजवा, बुडाशी दोघांची सामायिक परतीची वाट. चौथा भाग असेल तर तो माइकसाठी. इथे गाणारा फोनच असतो, गाडी फक्त ॲम्प्लिफायरचं काम करते. म्हणूनच ही वाट इतकी बिनबोभाट आहे. पेअरिंग नाही, पासवर्ड नाही, गाडी कुठल्या साली बनली याची चौकशी नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण उलटी करतात. फोनचा आवाज बारीक ठेवतात आणि गाडीचा मोठा करतात. मग गाडी बारीक गाण्याबरोबर त्यामागची सूंऽऽ अशी सळसळही तितकीच मोठी करून देते. फोन कमालीच्या थोडा खाली, ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवावा आणि बाकीचं गाडीच्या बटणावर सोडावं. अगदी शंभरावर काही फोनांचा आवाज फाटतो.

आता दुसरं दुखणं, आणि हे मी स्वतः बरेच महिने सोसलंय. गाणं चालू असताना मागे एक बारीक शीळ यायची. ॲक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढायची, सोडला की उतरायची. मी स्पीकरला दोष दिला, वायर बदलली, गाण्याच्या फाइलवरही संशय घेतला. दोषी होता चार्जर.

झालं असं, की फोन गाडीला दोन वाटांनी जोडला गेला होता: एक चार्जरची वायर, दुसरी ऑक्सची. दोन्हींची परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, शेवटी गाडीच्या पत्र्याशीच मिळते, पण वेगवेगळ्या जागी. त्या दोन जागांत विजेच्या दाबाचा किंचित फरक असतो, आणि दोन वाटांचं मिळून एक कडं तयार झालं की त्या फरकामुळे नको असलेली वीज त्यात फिरू लागते. बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर इंजिनाबरोबर फिरतो आणि त्याच्या विजेत बारीक थरथर असते. इंजिन जोरात, तर थरथर जलद. तीच शीळ बनून गाण्यात शिरते.

ओळखायचं कसं? चार्जर उपसायचा. शीळ थांबली, तर दोष या कड्याचाच. उपाय म्हणून ऑक्सच्या वायरमध्ये बसवायची एक डबी मिळते, ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची. तिच्या आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, पण वायरला वायर लागत नाही, त्यामुळे कडं तुटतं. अगदीच हलक्या प्रतीची डबी खर्जातला आवाज थोडा खाते, एवढं लक्षात असू द्यावं.

## फोनला भोकच नाही, मग?

यूएसबी-सी ते ऑक्स असा छोटा कनेक्टर लावायचा. पण तुमच्या मित्राचा कनेक्टर तुमच्या फोनवर गप्प का बसतो? कारण दिसायला सारखे असले तरी त्यांत दोन जाती आहेत. एकात स्वतःचा डॅक असतो, तो फोनकडून कागद घेतो आणि स्वतः गातो. दुसरा नुसतीच वायर असतो. फोनने गायलेलं पुढे ढकलायचं एवढंच त्याचं काम, आणि अनेक फोन त्या भोकातून गातच नाहीत. डॅकवाला घेतला की हा घोळ सहसा टळतो.

## कॅसेटच्या पोटात चुंबक

जुन्या गाडीत फक्त कॅसेटची खाच असेल तर एक जुगाड आहे, आणि मला तो या सगळ्यांत सर्वांत गमतीचा वाटतो. रिकाम्या कॅसेटसारखी दिसणारी डबी, तिच्यातून बाहेर आलेली एक वायर.

कॅसेटच्या टेपवर गाणं असतं ते चुंबकत्वाच्या कमी-जास्त खुणांच्या रूपात. टेप सरकते आणि डेकचं हेड त्या खुणा वाचतं. या डबीत टेपच नसते. तिच्याऐवजी हेडला खेटून बसणारा छोटा विद्युतचुंबक असतो, आणि फोनमधून आलेली वीज त्याचं चुंबकत्व गाण्याच्या तालावर बदलत राहते. हेडला आपल्यासमोर टेप नाही याचा पत्ता लागत नाही. आत दातेरी चाकंही असतात, कारण टेप फिरत नाही असं वाटलं तर बरेचसे डेक कॅसेट बाहेर फेकतात किंवा बाजू बदलतात. त्या चाकांचा टकटक आवाज ही या फसवणुकीची किंमत. डेकवर डॉल्बीचं, म्हणजे टेपची सळसळ कमी करणारं बटण असेल तर ते बंद ठेवावं. ते त्याच तऱ्हेने भरलेल्या टेपसाठी असतं, इथे त्याने आवाज उगाच मंद होतो.

## एफएम ट्रान्समीटर: खिशातलं आकाशवाणी केंद्र

लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचं हे छोटं यंत्र म्हणजे खरोखरचं एक रेडिओ केंद्र असतं, फक्त अतिशय कमी ताकदीचं. ते गाणं एफएमच्या पट्ट्यात, साधारण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी, हवेत सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. इतरांच्या रेडिओत व्यत्यय येऊ नये म्हणून त्याच्या ताकदीवर कायद्याची मर्यादा असते. युरोपात ती ५० नॅनोवॉट आहे, म्हणजे एका वॉटचा दोन कोटीवा भाग.

एवढ्याशा ताकदीमुळेच ते लांबच्या प्रवासात दगा देतं. एकाच आकड्यावर दोन केंद्रं आली तर एफएम रेडिओ दोघांची खिचडी करत नाही. जो जोरात बोलतो त्याचं ऐकतो, दुसऱ्याला जवळजवळ गिळून टाकतो. गाडी एखाद्या खऱ्या केंद्राच्या टप्प्यात शिरली की तुमच्या गाण्याच्या मधोमध अचानक बातम्या सुरू होतात. उपाय एकच: असा रिकामा आकडा शोधायचा, ज्याच्या दोन्ही बाजूंचे आकडेही रिकामे आहेत. गाव बदललं की पुन्हा शोध.

आवाजाचं म्हणाल तर स्टिरिओ एफएमला १५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर नेताच येत नाहीत. आणि हल्लीची बरीचशी यंत्रं फोनकडून गाणं ब्लूटूथने घेतात, मग एफएमवर सोडतात, मग रेडिओ ते पुन्हा उतरवून घेतो. कानगोष्टींच्या खेळातल्या निरोपासारखं गाणं दर माणसागणिक थोडं झिजतं. ऑक्सही नाही, कॅसेटही नाही, तेव्हाच याच्या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

## पेनड्राइव्ह: कागद सरळ गाडीच्या हातात

इथे फोनचा संबंधच संपतो. फाइल गाडी वाचते, गळा गाडीचा. ना शीळ, ना खरखर, ना कुणाचा फोन आला म्हणून मधेच थांबलेलं गाणं. ३२० केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ३ लाख २० हजार बिट खर्च करणाऱ्या एमपीथ्रीत पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं होतं, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर अडीच हजारांहून जास्त गाणी मावतात. डोंगरात, जिथे फोनला रेंज नसते, तिथेही ती वाजतात. तरी लोक याला नावं ठेवतात, आणि त्यांच्या तक्रारी खोट्या नसतात.

"गाडी पेनड्राइव्ह ओळखतच नाही." पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. बहुतेक स्टिरिओंना फॅट-३२ ही जुनी पद्धत येते. विंडोजची एनटीएफएस अनेकांना येत नाही, एक्सफॅट काहींनाच येते. फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केला की निम्म्या तक्रारी मिटतात. आधी गाणी दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

"गाणी भलत्याच क्रमाने लागतात." साधे स्टिरिओ नावं पाहतच नाहीत. फाइली पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने उतरल्या, त्या क्रमाने वाजवतात. नावांच्या आधी ०१, ०२ घातलं तरी उपयोग होत नाही तो यामुळेच. पेनड्राइव्ह रिकामा करून एकेक फोल्डर हव्या त्या क्रमाने पुन्हा भरावा लागतो. मॅकवरून भरला असेल तर आणखी एक चमत्कार दिसतो: प्रत्येक गाण्यामागे एक मुकं गाणं. मॅकने गुपचूप ठेवलेल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या नोंदवह्या असतात त्या. स्टिरिओ त्यांनाही गाणं समजतो आणि वाजवायला जातो.

"मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात." हे आपलं खास दुखणं. फाइलमध्ये गाण्याचं नाव देवनागरीत अगदी नीट लिहिलेलं असतं, पण स्टिरिओत देवनागरीचा फॉन्टच भरलेला नसतो. कधी चौकोन येतात, कधी प्रश्नचिन्हं, कधी काना-मात्रा अक्षरापासून सुटून भलतीकडे. फाइलमध्ये कितीही खटपट केली तरी फॉन्ट बाहेरून येत नाही. नावं रोमन लिपीत लिहायची, नाहीतर चौकोनांवरून गाणी ओळखायला शिकायचं. मी दुसरं केलंय.

"ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी पेनड्राइव्हवर जात नाहीत." जाणारही नाहीत. पैसे भरून गाणी ऐकवणाऱ्या ॲपमध्ये 'डाउनलोड' म्हणजे कुलूप लावलेली पेटी घरी आणून ठेवणं, किल्ली ॲपकडेच. त्या फाइली दुसऱ्या यंत्राला वाचता येत नाहीत. पेनड्राइव्हसाठी विकत घेतलेल्या मोकळ्या फाइली लागतात, किंवा आपल्याच सीडीवरून उतरवलेल्या.

## मग फोनच पेनड्राइव्ह म्हणून का चालत नाही?

काकांच्या प्रश्नाच्या जवळ आलो. सुरुवातीचे अँड्रॉइड फोन असे चालायचे. पण पेनड्राइव्हसारखं वागायचं तर फोनला आपली सगळी साठवण गाडीच्या ताब्यात द्यावी लागते, घराची किल्ली दिल्यासारखी, आणि तेवढा वेळ स्वतः बाहेर उभं राहावं लागतं. पुढे फोनांनी ही रीत सोडली आणि एमटीपी आणली. ती ग्रंथालयाच्या खिडकीसारखी आहे: आत यायचं नाही, हवं ते पुस्तक मागा, आणून देतो. संगणकाला ही रीत कळते. पुष्कळ स्टिरिओंना कळत नाही. त्यांना फोन दिसतो तो फक्त वीज मागणारा पाहुणा म्हणून.

कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो वेगळं काम करतात. गाडीचा पडदा हा फोनचाच दुसरा पडदा होतो, आणि गाणंही त्याच वायरने आकड्यांच्या रूपात जातं, म्हणून आवाज उत्तम येतो. बिनवायरीची सोयही आता आहे. तिथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, खरी वाहतूक वायफायवरून होते. मात्र ज्या स्टिरिओत ही सोय कारखान्यातून आलेली नाही, त्यात ती फोनमधून घालता येत नाही.

## ब्लूटूथ: एक नाव, तीन कामं

"माझ्या गाडीत ब्लूटूथ आहे, फोन घेता येतो, पण गाणी नाहीत." हे ऐकून लोकांना फसवल्यासारखं वाटतं. ब्लूटूथ ही एकच गोष्ट नाही. आत वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे करार असतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. बोलण्याचा करार एक, गाण्याचा दुसरा, आणि पुढचं-मागचं गाणं बटणाने बदलण्याचा तिसरा. जुन्या गाड्यांत कित्येकदा पहिलाच करार असतो.

गाणं टेलिफोनवर ऐकल्यासारखं, चेपलेलं आणि एकसुरी येत असेल तर तेही यातूनच. बोलण्याच्या जुन्या करारात आवाज सेकंदाला फक्त ८,००० वेळा मोजला जातो. बोलणं कळायला तेवढं पुरतं, सतारीला पुरत नाही. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर गेलात की बहुतेक अँड्रॉइड फोनांत 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन वेगळी बटणं दिसतात. दुसरं बंद राहिलेलं असतं, बस्स.

गाडीत ब्लूटूथ नाही पण ऑक्स आहे? मग ऑक्समध्ये खोचायचा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यावा. एफएमच्या खटाटोपापेक्षा कितीतरी बरा. फक्त त्याला गाडीतूनच वीज दिलीत तर मघाची शीळ परत येऊ शकते.

## "पण ब्लूटूथने आवाजाची वाट लागते ना?"

लागते, पण सांगतात तितकी नाही. ब्लूटूथवरून गाणं पाठवताना फोन आधी फाइल उलगडतो, त्यात रस्ता सांगणाऱ्या बाईंचा आवाज वगैरे मिसळतो, आणि पुन्हा नव्याने आवळून पाठवतो. आवळण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा प्रत्येकाला यावाच लागतो, त्याच्या नेहमीच्या चांगल्या दर्जाला सुमारे ३२८ केबीपीएस लागतात. एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक हे पुढचे. एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो. पण दोघांनाही येणारी भाषाच चालते. फोनला एलडॅक येतो आणि गाडीला येत नाही, तर बोलणं एसबीसीतच. आयफोनला तर एसबीसी आणि एएसी हे दोनच येतात, त्यामुळे आयफोनसाठी एलडॅकवाला स्टिरिओ शोधणं व्यर्थ.

शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवर हे फरक पकडता येतात. चालत्या गाडीत टायरची घरघर, वारा आणि इंजिन मिळून बारीक तपशील बुडवूनच टाकतात. तुम्हाला आवाज खराब वाटत असेल तर कोडेकच्या आधी तीन गोष्टी तपासा: मूळ फाइल कितपत चांगली आहे, इंटरनेट वाचवायला ॲप हलका दर्जा तर पाठवत नाही ना, आणि आधी कुणीतरी खर्ज कमालीवर नेऊन ठेवलाय का. तिसरंच कारण बहुधा निघतं.

## सगळा स्टिरिओच बदलला तर?

जुन्या गाडीत हे सोपं असतं. स्टिरिओच्या तोंडाचं माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेलं आहे: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. हा सिंगल डिन. दुप्पट उंचीचा तो डबल डिन. खाच या मापाची असेल तर जुना काढून ब्लूटूथ आणि यूएसबीवाला बसतो. नव्या गाड्यांत पडदा हाच एसीचं बटण, मागचा कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंगचं पान असतो. तो उपटला तर बरंच काही सोबत जातं, तिथे हात न लावलेला बरा. गाडी विकताना किंवा भाड्याची परत करताना मात्र त्या पडद्यावरून आपला फोन पुसून टाकावा. पेअर करताना 'हो' म्हटलेलं असतं, त्यामुळे तुमची नंबरांची वही त्याच्या पोटात राहिलेली असू शकते.

## काकांचं काय झालं?

आधी वाटलं वायर फक्त चार्जिंगची असेल. तशा मिळतात, आत माहितीच्या तारा नसलेल्या. वायर चांगली निघाली. मग लक्षात आलं, गाडीत यूएसबीची दोन भोकं होती. समोरचं फक्त विजेचं. दुसरं, स्टिरिओशी जोडलेलं, डॅशबोर्डच्या खणात गाडीच्या कागदपत्रांखाली दडलेलं. त्यात वायर लावल्याबरोबर पडद्यावर फोनचं नाव आलं आणि गाणं सुरू झालं. काका खूश.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "दर वेळी गाडी चालू केली की तेच एक गाणं का लागतं रे?" जोडणी झाल्याबरोबर गाडी फोनला 'वाजव' म्हणते. आधीचं काही चालू नसेल, तर आयफोन वर्णानुक्रमातलं पहिलं गाणं उचलतो. काकांच्या फोनमध्ये ते नातीने भरलेलं इंग्रजी बालगीत आहे. आता त्यांना ते तोंडपाठ आहे.